बराकींचं पुढे काय झालं?



मराठी माणूस लखनौला आला की त्याला आधी कैसरबागेत नेतात. 1926 साली विष्णु नारायण भातखंडे यांच्या खटपटीतून या शहरात मॅरिस कॉलेज सुरू झालं, श्रीकृष्ण रातंजनकरांनी ते नावारूपाला आणलं आणि आज ते भातखंड्यांच्याच नावाचं विद्यापीठ आहे. मराठी पाहुण्याची छाती तिथे थोडी फुगते, ते ठीकच आहे. पण आज कैसरबागेत थांबायचं नाही. चारबाग स्टेशन ओलांडून आलमबागेत जायचं आहे आणि तिथून कल्याण व कोल्हापूरही गाठायचं आहे.

या तिन्ही ठिकाणांना बांधणारा धागा एकच. दुसरं महायुद्ध झालं, पाठोपाठ देशाची फाळणी झाली आणि घर सुटलेल्या लाखो माणसांपुढे प्रश्न उभा राहिला : आज रात्री अंग कुठे टाकायचं? सरकारांनी उत्तर दिलं, ‘तात्पुरतं इथे राहा.’ कुठे तंबू होते, कुठे बराकी, कुठे कुणी सोडून गेलेली हवेली. या तात्पुरत्या मुक्कामांचं पुढे काय झालं? त्यांची आठवण कुणी ठेवली? आणि त्यांच्या खुणा आज कुठे दिसतात?

मांडणी तीन भागांत आहे. आधी जागा, मग तिथली राहणी आणि शेवटी मागे उरलेल्या खुणा. तिसऱ्या भागाला वेळ जास्त लागेल, कारण आज आपल्या हातात काही करण्यासारखं आहे ते तिथेच.

जागेपासून सुरुवात करू. एवढ्या माणसांना पुरतील एवढ्या तयार इमारती आल्या कुठून? त्या युद्धाने आधीच बांधून ठेवल्या होत्या. युद्धकाळात मुंबई हे सैन्याच्या ये-जा करण्याचं मोठं बंदर होतं आणि कल्याण हे रेल्वेचं जंक्शन. बोटीवर चढण्यापूर्वी किंवा बोटीतून उतरल्यावर पलटणींना चार दिवस थांबवण्यासाठी कल्याणजवळ लष्करी तळ उभारला गेला. दोन हजारांहून अधिक बराकी होत्या तिथे. मधोमध लांबलचक हॉल आणि दोन्ही टोकांना खोल्या, अशी त्यांतल्या बहुतेकांची रचना. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, बराकी रिकाम्या झाल्या.

जगभर हेच घडत होतं. ऑस्ट्रेलियात वोडोंगा गावाजवळ बोनेगिला नावाचा लष्करी तळ होता. युरोपातून येणाऱ्या स्थलांतरितांचं वसतिगृह म्हणून 1947 साली तो खुला झाला आणि 1971 मध्ये बंद होईपर्यंत तिथून 3 लाखांहून अधिक माणसं गेली. ब्रिटनमध्ये मायदेशी परतू न शकणाऱ्या पोलिश सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना वाकवलेल्या पत्र्यांच्या लष्करी झोपड्यांत ठेवलं गेलं. सैनिकाने जागा सोडायची आणि निर्वासिताने त्याच भिंतीत खिळा ठोकून कंदील टांगायचा, असं सारं चाललं होतं.

कल्याणच्या बराकींत कोण आलं? सिंधी आले. फाळणीनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत सिंधमध्ये पंजाबइतका रक्तपात झाला नव्हता. अनेक हिंदू कुटुंबं अजून कुंपणावर होती, थोडं थांबून पाहू म्हणत होती. 6 जानेवारी 1948 रोजी कराचीत दंगल उसळली आणि ते थांबणं संपलं. बोटी भरभरून माणसं मुंबईला, ओख्याला, पोरबंदरला उतरू लागली. काही खोखरापारहून रेल्वेने मारवाडात आली. पाहता पाहता सिंधमधल्या दहा लाखांहून अधिक हिंदूंनी घर सोडलं.

त्यांनी मुंबईच का गाठली? इथे एक जुनं नातं सांगायला हवं. 1936 सालापर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता. सिंधी वकिलाला मुंबईचं हायकोर्ट ठाऊक होतं, सिंधी व्यापाऱ्याला मुंबईतल्या पेढ्या. कराचीत आजही एन.जे.व्ही. हायस्कूल उभं आहे. 1855 सालची ती सिंधमधली पहिली सरकारी शाळा. नावातले एन.जे.व्ही. म्हणजे नारायण जगन्नाथ वैद्य. हा मराठी माणूस सिंधच्या शिक्षणखात्यात होता. तेव्हा मुंबई बंदरात उतरलेल्या सिंध्याला हे गाव अगदी परकं नव्हतं. परकी होती ती बराक.

कल्याण कॅम्पात सुमारे 1 लाख माणसं राहिली. कॅम्प एकूण पाच. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते तिथे नव्या गावाची पायाभरणी झाली आणि उल्हास नदीवरून त्याचं नाव उल्हासनगर ठेवलं गेलं. मुंबई आणि पुण्याच्या परिसरात अशी ठिकाणं आणखीही होती : चेंबूर, सायन-कोळीवाडा, मुलुंड, पिंपरी. पिंपरीतली ती वस्ती आज शहराच्या मध्यात आहे आणि लोक अजून तिला ‘पिंपरी कॅम्प’ म्हणतात.

एक गोष्ट इथेच सांगून टाकू, कारण ती सहसा राहून जाते. या बराकी रिकाम्या माळावर उभ्या राहिलेल्या नव्हत्या. युद्धाच्या धामधुमीत सरकारने कल्याण परिसरातल्या गावकऱ्यांच्या जमिनी घेतल्या होत्या. जवळच नेवाळीला विमानांची धावपट्टी झाली होती. त्या जमिनीसाठी स्थानिक शेतकऱ्यांचं आंदोलन जून 2017 मध्ये पेटलं तेव्हा पोलिसांच्या गाड्या जळाल्या आणि ती बातमी राज्यभर गेली. युद्ध संपून सत्तर वर्षं उलटली होती, जमिनीचा हिशेब मिटला नव्हता. निर्वासितांच्या आठवणी गोळा करताना त्या जमिनीवर आधी नांगर धरणाऱ्यांच्या आठवणी वगळल्या, तर वहीची अर्धी पानं कोरीच राहतील.

आता कोल्हापूरकडे वळू. तिथली हकिगत कल्याणहूनही विलक्षण आहे.

1940 आणि 41 साली पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेने लाखो लोकांना उचललं आणि सैबेरिया, कझाकस्तानकडे रवाना केलं. 1941 मध्ये जर्मनीने रशियावर चाल केली, समीकरणं बदलली आणि या पोलिश लोकांना बाहेर पडायची परवानगी मिळाली. जनरल आंडर्स यांच्या पोलिश फौजेबरोबर हजारो बायका, मुलं, म्हातारी माणसं कॅस्पियन समुद्र ओलांडून 1942 साली इराणच्या किनाऱ्यावर उतरली. पुरुष लढायला गेले. उरलेल्यांना ठेवायचं कुठे?

नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी 1942 मध्ये जामनगरजवळ बालाचडीला पोलिश मुलांसाठी छावणी उघडली. तिथे सुमारे 1,000 मुलं वाढली. जामसाहेबांचं नाव आज वॉर्सातल्या एका चौकाला आहे. कोल्हापूरची छावणी मात्र त्याहून कितीतरी मोठी होती. शहरापासून काही किलोमीटरवर, मिरज-कोल्हापूर लोहमार्गालगत, वळिवडे गावाच्या माळावर 1943 च्या उन्हाळ्यात बराकी भरू लागल्या. सुमारे 5,000 पोलिश माणसं तिथे राहिली. मुंबईतले पोलिश वाणिज्यदूत बनासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी कीरा यांनी या लोकांसाठी जिवाचं रान केलं. माळावर चर्च उभं राहिलं, दवाखाना आला, प्राथमिक आणि माध्यमिक शाळा आल्या, नाटकाचा रंगमंच आला. स्काउट मुलामुलींच्या तुकड्या पन्हाळ्याच्या वाटा तुडवू लागल्या. काही मुलं शिकायला आणि बरी व्हायला पाचगणीला गेली.

वळिवड्यातली पाच वर्षं म्हणजे फक्त सहल होती असं मात्र समजू नका. जुलै 1945 मध्ये ब्रिटनने वॉर्सातल्या नव्या सरकारला मान्यता दिली आणि लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारची मान्यता गेली. छावणीचा खर्च त्याच सरकारच्या नावावर चालत होता. वळिवड्यातल्या बाईचं घर पूर्वीच गेलं होतं, गाव आता सोव्हिएत हद्दीत गेलं होतं आणि शेवटी तिचं सरकारही गेलं. मग कारभार संयुक्त राष्ट्रांच्या मदतसंस्थांकडे आला. काही माणसं पोलंडला परतली, काही ब्रिटनला गेली, काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही पुढे ऑस्ट्रेलियात, कॅनडात. कोल्हापुरी घरात लग्न करून इथेच राहिलेल्याही काही जणी होत्या. 1948 मध्ये छावणी बंद झाली.

आणि बराकी? त्या रिकाम्या राहिल्या नाहीत. पोलिश माणसं गेली त्याच सुमाराला सिंधी निर्वासित आले आणि त्याच छपरांखाली राहू लागले. वस्तीचं नाव गांधीनगर झालं. आज पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि उत्तर कर्नाटकातल्या कापडदुकानदाराला गांधीनगर म्हटलं की घाऊक कपड्यांची बाजारपेठ आठवते. सोव्हिएत छावण्यांतून सुटलेल्या पोलिश आईने आणि कराचीहून निघालेल्या सिंधी आईने एकाच माळावर, थोड्याच अंतराने, चूल मांडली. अशी जागा जगात किती असतील?

दुसरा भाग राहणीचा. बराकीत माणूस राहायचा कसा?

कल्याणला हॉलच्या मधोमध दोऱ्या बांधल्या जायच्या. त्यांच्यावर पोती, चादरी आणि जुन्या साड्या टाकून खोल्या तयार व्हायच्या. पलीकडच्या ‘खोलीत’ कुणी खोकलं तर अलीकडे कळे, कुणी भांडलं तर सगळ्या बराकीला कळे. नळ सामायिक, संडास सामायिक, रांग प्रत्येक गोष्टीला. सुरुवातीला मोफत शिधा मिळे, मग हात आखडला आणि ‘स्वतः कमवा’ असा तगादा सुरू झाला.

त्यांनी कमावलंही. बायकांनी पापड लाटले, लोणची घातली. पोरं लोकलच्या डब्यांत गोळ्या, पेनं, कंगवे विकू लागली. सिंधमध्ये ज्यांचे वाडे होते ते गृहस्थ हातगाडीवर कापडाचे तुकडे मांडून उभे राहिले. मुंबईच्या जुन्या दुकानदारांना याचा राग होता. हे लोक नफा फारच कमी घेतात, ही त्यांची तक्रार होती. (लखनौच्या अमीनाबादेतल्या जुन्या दुकानदारांना ही तक्रार ओळखीची वाटेल.)

पोटापाठोपाठ शाळा आली. फाळणीनंतर कराचीच्या डी. जे. सिंध कॉलेजातले प्राध्यापक मुंबईत आले आणि 1948 मध्ये त्यांनी जय हिंद कॉलेज काढलं. हैदराबाद-सिंधची शिक्षणसंस्था के. एम. कुंदनानी आणि होतचंद अडवाणी यांनी मुंबईत नव्याने उभारली. 1949 मध्ये वांद्र्याला नॅशनल कॉलेज निघालं, पुढे उल्हासनगरात चांदीबाई कॉलेज आलं. चेंबूरला हशू अडवाणींनी 1962 मध्ये विवेकानंद एज्युकेशन सोसायटी सुरू केली. आज या वर्गांत बसणाऱ्यांत मराठी मुलं भरपूर आहेत आणि आपली संस्था एका निर्वासित पिढीने उभी केली हे त्यांतल्या बहुतेकांना कुणी सांगितलेलं नाही.

इथे कागदाचीही कथा आहे. निर्वासिताच्या घरात देवाच्या तसबिरीइतकाच जपला जाणारा एक कागद असे : क्लेम. सीमेपलीकडे किती घर, किती दुकान, किती जमीन सोडली ते लिहून द्यायचं, साक्षी-पुरावे जोडायचे, अधिकाऱ्यांनी तपासायचं. 1954 मध्ये विस्थापितांच्या भरपाईचा आणि पुनर्वसनाचा केंद्रीय कायदा आला आणि भरपाईला ठरलेली चौकट मिळाली. दावा जितका मोठा तितकं भरपाईचं प्रमाण कमी. ज्या सरकारी खोलीत कुटुंब राहत होतं तिची किंमतही भरपाईतून वळती करून घेता येई. ज्याचा क्लेमच नव्हता, जो सिंधमध्ये भाड्याच्या घरात राहायचा, त्याला हप्ते भरावे लागत. बराकीच्या त्याच हॉलात पूर्वीचा मालक आणि पूर्वीचा भाडेकरू शेजारी शेजारी झोपत होते. कायद्याने त्यांना पुन्हा वेगवेगळं केलं.

जरा बोनेगिलाशी ताडून पाहा. तिथेही पत्र्याच्या झोपड्या होत्या, रांगा होत्या, आणि रोजच्या मटणाला कंटाळलेल्या इटालियन व जर्मन लोकांच्या तक्रारी होत्या. काम मिळत नाही म्हणून 1952 आणि 1961 मध्ये तिथे निदर्शनं झाली. पण एक मोठा फरक होता. बोनेगिलाचा माणूस तिथून बाहेर पडणार, हे धरूनच ती व्यवस्था आखलेली होती. काम मिळालं की तो रेल्वेत बसून दुसऱ्या गावी जाई. उल्हासनगरचा माणूस बराकीतच राहिला आणि त्याने बराकीचंच गाव केलं. पुढचं सगळं या फरकातून आलं.

आता लखनौ. इथे काय झालं?

आलमबागेचा इतिहास तुम्हाला नव्याने सांगायची गरज नाही. वाजिद अली शाहने बेगम आलम आरासाठी ती बाग आणि कोठी बांधली. 1857 मध्ये तिथे इंग्रजांनी तळ ठोकला. त्यांच्या हॅवलॉक या सेनापतीची कबर तिथेच आहे आणि आउट्रम या दुसऱ्या सेनापतीने 1858 च्या वसंतापर्यंत ती जागा धरून ठेवली होती. बागेची छावणी झाली होती ती तेव्हा. 1947 नंतर पंजाब आणि सिंधमधून आलेली कुटुंबं याच परिसरात वसली. चंदर नगर, सिंगार नगर ही मोहल्ल्यांची नावं त्याच वसाहतींची. बेगमच्या बागेचा जुना दरवाजा चंदर नगरात अजून उभा आहे आणि त्याच्या भोवती बाजार भरतो. नबाबी, 1857 आणि 1947, लखनौचे तीन काळ शंभर पावलांत पाहायचे असतील तर इथे यावं.

पण लखनौचं वैशिष्ट्य निराळं होतं. कल्याणला लष्कराने मोकळ्या केलेल्या बराकी मिळाल्या. लखनौत त्यांच्या जोडीला माणसांनी मोकळी केलेली घरंही होती. पाकिस्तानात गेलेल्यांची मालमत्ता ‘इव्हॅक्युई प्रॉपर्टी’ म्हणून सरकारी कस्टोडियनच्या ताब्यात गेली आणि त्यातल्या अनेक घरांत निर्वासितांना जागा मिळाली. ज्या दिवाणखान्यात मुशायरे झाले तिथे तीन कुटुंबांच्या तीन चुली पेटल्या. यात दोषी कोण? दिवाणखान्याचा मालक की चूल पेटवणारी बाई? दोघांचंही घर गेलं होतं.

या शहराने हे दोन्ही बाजूंनी लिहून ठेवलं आहे. लखनौच्या अत्तिया होसैन फाळणीनंतर लंडनला राहिल्या आणि 1961 मध्ये त्यांची इंग्रजी कादंबरी आली. तिच्या शेवटच्या भागात नायिका आपल्या वडिलोपार्जित हवेलीत परतते तेव्हा तिथे अनोळखी माणसं राहत असतात. दुसऱ्या बाजूने लिहिलं यशपाल यांनी. पंजाबात जन्मलेल्या या क्रांतिकारकाने लखनौला घर केलं आणि ‘झूठा सच’चे दोन भाग 1958 आणि 1960 मध्ये आले. लाहोरच्या गल्लीतून उठून निर्वासित छावण्यांपर्यंत पोहोचणारी माणसं त्यात आहेत. एकाच शहरात लिहिणाऱ्या-वाचणाऱ्यांसमोर हवेली गमावणारे आणि हवेलीत शिरणारे असे दोघेही उभे आहेत. मुंबई-कल्याणबद्दल मराठीत असा जोड सापडणं अवघड आहे. मराठी लेखकाने उल्हासनगरवर विनोद पुष्कळ केले. तिथल्या बराकीत जाऊन बसणारे थोडे.

मालमत्तेचा प्रश्न इथेही मिटला नाही. महमूदाबादच्या राजांनी पाकिस्तानी नागरिकत्व घेतलं आणि 1965 च्या युद्धानंतर त्यांची मालमत्ता शत्रूची मालमत्ता ठरली. हजरतगंजमधली दुकानं आणि बटलर पॅलेस त्यातच होती. त्यांच्या मुलाने खटला लढवला, 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकला आणि 2017 च्या नव्या कायद्याने पारडं पुन्हा फिरलं.

तिसरा भाग खुणांचा. आज काय उरलं आहे?

पहिली खूण पत्त्यात आहे. उल्हासनगरचा माणूस आजही पत्ता सांगतो तो ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ असा. पुढे सेक्शन, बराक नंबर, खोली नंबर. मूळ बराक पाडून चार मजली इमारत झाली तरी तिचा नंबर टिकला आहे. टपालखात्याला, रिक्षावाल्याला, लग्नपत्रिकेला तोच नंबर लागतो. सैन्याने तात्पुरता टाकलेला आकडा पाऊण शतक चालतो आहे.

दुसरी खूण बांधकामात आहे. उल्हासनगर सुमारे 13 चौरस किलोमीटरचं आणि 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या 5 लाखांवर. कुटुंब वाढलं, बराकीची भिंत पुढे सरकली, वर मजला चढला, त्यावर आणखी एक. परवानगीचा कागद बऱ्याचदा नव्हताच, कारण मुळातली जागाच अर्धवट कागदांवर हाती आली होती. शेवटी 2006 मध्ये महाराष्ट्र सरकारला एकट्या उल्हासनगरातली अनधिकृत बांधकामं नियमित करण्यासाठी खास कायदा करावा लागला. वर्तमानपत्रांत स्लॅब कोसळल्याच्या बातम्या येतात तेव्हा बेकायदा शहर म्हणून नाक मुरडलं जातं. त्या शहराची सुरुवात सरकारी बराकीतून झाली हे त्या बातम्यांत क्वचितच असतं.

सायन-कोळीवाड्याला गोष्ट आणखी पुढे गेली. तिथे निर्वासितांसाठी सरकारने बांधलेल्या इमारती जुन्या झाल्या, धोकादायक ठरल्या, पाडल्या गेल्या आणि पुनर्विकासाचा विषय न्यायालयांपर्यंत पोहोचला. ज्यांच्या आजोबांनी एकदा घर सोडलं त्या नातवंडांनी दुसऱ्यांदा भाड्याच्या जागा शोधल्या.

तिसरी खूण स्मारकांची, आणि इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांच्या आठवणीचा स्तंभ 1998 पासून आहे. 2017 मध्ये वॉर्सात कोल्हापूरच्या नावाची स्मृतिशिला बसली. सप्टेंबर 2019 मध्ये वळिवड्यात नवा स्मृतिस्तंभ उभा राहिला, तेव्हा पोलंडचे उपपरराष्ट्रमंत्री आले होते आणि बालपण त्या माळावर गेलेली वृद्ध माणसंही आली होती. ऑगस्ट 2024 मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी वॉर्सातल्या स्मृतिशिलेला फुलं वाहिली. पोलिश माणसं त्या माळावर राहिली जेमतेम पाच वर्षं. सिंधी कुटुंबं तिथे पंचाहत्तरहून अधिक वर्षं राहत आहेत. त्यांच्या बराकीतल्या दिवसांना यातलं काय मिळालं?

असं का व्हावं? जी माणसं निघून गेली त्यांच्यासाठी ती जागा बालपणासकट तिथेच गोठली. लंडनला, मेलबर्नला जाऊन त्यांनी संघटना बांधल्या, आठवणी लिहून घेतल्या, भला जाडजूड ग्रंथ काढला, सरकारांना पत्रं धाडली. जी माणसं राहिली त्यांना त्याच जागेवर दुकान काढायचं होतं, मुलीचं लग्न करायचं होतं, मजला चढवायचा होता. त्यांना बराक विसरायची घाई होती आणि ती घाई रास्तच होती. गरिबीचं स्मारक गरिबीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाने बांधावं, ही अपेक्षा आपण का करावी?

पण आता तिसरी, चौथी पिढी आली आहे. आता घाई राहिलेली नाही, आणि हीच वेळ धोक्याचीही आहे. बराकीत जन्मलेलं मूल आज पंचाहत्तरीत आहे. बोटीने कराचीहून आलेलं दहा वर्षांचं पोर आज नव्वदीकडे झुकलं आहे. आणखी दहा वर्षांनी विचारायला कुणी उरणार नाही.

ऑस्ट्रेलियाने काय केलं पाहा. बोनेगिलात चोवीस विभाग होते, जवळजवळ सगळे गेले. एक उरला, एकोणिसावा. 2007 मध्ये त्याला राष्ट्रीय वारशाच्या यादीत घेतलं आणि आज स्थलांतरितांची नातवंडं तिथे येऊन आजीचं नोंदणीपत्रक शोधतात. अमृतसरला 2017 मध्ये टाऊन हॉलच्या इमारतीत फाळणीचं संग्रहालय झालं, 2023 मध्ये दिल्लीला झालं. तिथे ट्रंका आहेत, भांडी आहेत, पत्रं आहेत. महाराष्ट्राला आणि उत्तर प्रदेशाला हे जमणार नाही, असं कोण म्हणेल?

म्हणून या व्यासपीठावरून दोन स्पष्ट मागण्या. पहिली महाराष्ट्र सरकारकडे : उल्हासनगरात आणि गांधीनगरात जुन्या वळणाची जी बराक अजून शाबूत असेल ती, राहणाऱ्या कुटुंबाला योग्य जागा आणि मोबदला देऊन, ताब्यात घ्यावी आणि वारसा म्हणून जपावी. प्रत्येक ठिकाणी एकच बराक पुरे, सगळं शहर गोठवायची गरज नाही. गांधीनगरच्या बराकीत पोलिश आणि सिंधी अशा दोन्ही मुक्कामांची माहिती मराठी, सिंधी आणि पोलिश अशा तिन्ही भाषांत लावावी. आणि ज्यांच्या जमिनीवर हे सगळं उभं राहिलं त्या गावांची नावंही त्याच फलकावर यावीत.

दुसरी मागणी तुमच्याकडे, लखनौकरांनो. इथल्या विद्यापीठांत इतिहासाचे आणि समाजशास्त्राचे विद्यार्थी आहेत. त्यांना आलमबागेत, नाका हिंडोल्याला, अमीनाबादेत पाठवा. जुन्या दुकानदारांचं बोलणं त्यांच्या भाषेत ध्वनिमुद्रित होऊ द्या, मग ती पंजाबी असो, सिंधी असो की लखनवी उर्दू. ज्या हवेल्यांत ही कुटुंबं राहिली त्यांच्या मूळ मालकांच्या वारसांनाही तेच प्रश्न विचारा. घरातल्या ट्रंका उघडून वाटपपत्र, क्लेमची नक्कल, पहिलं रेशन कार्ड, दुकानाची पहिली पावती बाहेर काढा आणि त्यांची छायाचित्रं घेऊन मूळ कागद त्या घरीच परत द्या. आज इथे बसलेल्यांपैकी ज्यांच्या घरी असा एखादा कागद असेल, त्यांनी जाण्यापूर्वी संयोजकांच्या वहीत आपलं नाव लिहावं. कामाची सुरुवात त्या यादीपासून होईल.